दोन रंग एकदम

नौपाडा, ठाणे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय रचना,

आशीर्वाद. चार वर्षांनी ताईचं पत्र बघून तू आधी कपाळाला आठ्या घालशील आणि मग दारातच उभी राहून वाचशील, हे मला ठाऊक आहे. कल्याणला सगळे खुशाल असतील. इकडे फॉल-पिकोचं मशीन सुरू आहे. तुळशीचं लग्न झालं की दुकानात लग्नसराईची गर्दी होईल.

मीही बरी आहे. म्हणजे, गणपतीनंतर मेंदूत एक छोटी गुठळी झाली होती. घाबरू नकोस, हातपाय चालतात. तोंड तर पूर्वीसारखंच चालतं.

फक्त एक भानगड झाली आहे. परवा एक बाई मोरपंखी साडी घेऊन आल्या. मी साडी उजवीकडे पसरली, डाव्या हातात रुबियाचा ब्लाउजपीस धरला आणि म्हटलं, "या रंगात आपल्याकडे नाही हो." बाई हसल्या. "अहो ताई, हातातच धरलाय की!" मला खरंच दिसला नव्हता. लाज वाटली, म्हणून उगाच अस्तराचे तागे नीट करत बसले.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजूंना बोटं हलवून तपासलं. डावं एकटं हलवलं, दिसलं. उजवं एकटं, तेही दिसलं. दोन्ही एकदम हलवली, तर डावं गायब! डोळे ठणठणीत आहेत म्हणे. मेंदूतल्या बघण्याच्या पेशींपुढे दोन वस्तू एकदम आल्या की त्या वस्तू एकमेकींना दाबतात. एकटीला मिळतो तेवढा जोर दोघींना मिळत नाही. धडधाकट मेंदू तरीही दोघींना सांभाळून घेतो. माझ्यात मात्र डावीकडची दरवेळी हरते.

महेंद्र फोनवर म्हणाला, "आई, मॅचिंग सेंटर आहे आपलं. दोन रंग शेजारी दिसलेच नाहीत तर जुळवणार काय? बंद कर आता." माझाच मुलगा, दोन महिने काउंटरवर बसून पुण्याला नोकरीला पळाला, आणि मला शिकवतोय! दुकान बंद होणार नाही. आता मी आधी साडी बघते, ती झाकते, मग पीस बघते. गिऱ्हाईकं कुरकुरतात. कुरकुरू देत.

इतकं लिहिलं, पण मुख्य ते टाळतेच आहे. चार वर्षांपूर्वी त्या दिवशी तू डबा घेऊन काउंटरपाशी उभी होतीस आणि तुझ्या खुर्चीत मी महेंद्रला बसवलं होतं. अकरा वर्षं ती खुर्ची तुझी होती. तू दोनदा "ताई" म्हणून हाक मारलीस. मी त्याच्याशीच बोलत राहिले, आणि तू गेलीस ती परत दुकानात आलीच नाहीस. हाक ऐकली होती गं मी. तू दिसतही होतीस. माझा मेंदू तेव्हा अगदी धडधाकट होता, त्यामुळे आजाराचं निमित्त मला सांगता येणार नाही. माझं चुकलं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, ठरवून लक्ष दिलं की डावीकडचंही दिसू लागतं, पण रोज सराव हवा. म्हणून काल तुझी खुर्ची माळ्यावरून काढली, पुसली आणि माझ्या डाव्या हाताला ठेवली. आलीस तर बरोबरीची भागीदार म्हणून ये, मदतीला म्हणून नको. नाही आलीस तरी खुर्ची तिथून हलणार नाही, आणि मी रोज तिच्याकडे बघेन.

आता मान वळवायला शिकलेली,
तुझी विनिताताई