पालखी घरात असताना पडलेली तारीख

आये, तुझ्या कलमांच्या बागेत पाऊल ठेवायला मला कोर्टानं मनाई केली होती. काकांच्या मुलानंच तो हुकूम आणला. जमीन त्याच्या हिश्श्यातली, असं त्याचं म्हणणं. कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून, डोक्यावरून पाणी नेऊन तू ती कलमं जगवलीस. यंदा आंबा तयार झाला आणि मी बागेच्या दगडी गडग्याबाहेर उभा.

हुकूम एकतर्फी झाला, कारण तारखेला मी गेलोच नाही. समन्स सही करून घेतलं होतं. पण तारीख आली शिमग्यात, नेमकी पालखी आपल्या घरी असताना. तुला ती कितीतरी वर्षांपूर्वीच्या शिमग्यातली दुपार आठवते? पालखी ओटीवर बसलीय, ढोल थांबलाय, तू मला पोळी वाढतेस आणि बाहेर उभ्या काकांच्या मुलाला ऐकू जाईल अशी शिवी मी हासडतो. तू ताटच उचलतेस. "देव घरात नि तोंडात ही घाण? जा मेल्या, त्याचा हात धरून आण, मग जेव." तेव्हापासून पालखी गावात असेपर्यंत आमचं भांडण बंद. यंदाही आम्ही एकाच दांड्याला खांदा दिला. मला वाटलं, तोही इथंच आहे, म्हणजे तारीख पुढं जाईल. त्याच्या जागी त्याचा वकील उभा राहील, हे डोक्यातच आलं नाही. पेट्या उचलता उचलता आंब्याचा व्यापारी झालेला मी, समोरच्याच्या खोकण्यावरून भाव ओळखतो, आणि इथं गाफील राहिलो.

हुकूम उठवायचा अर्ज करायला गेलो, तर आमचे वकील म्हणाले, "समन्स मिळालंच नाही, असं लिहू."

"सही आहे ना माझी."

"मग काय लिहू? नाचत होता?"

"पालखी नाचवत होतो. तेच लिहा."

जज्जसाहेब घाटावरचे, आपल्या शिमग्याची त्यांना काय कल्पना. अर्ज वाचून हसले नाहीत, एवढंच. मग काकांच्या मुलालाच विचारलं, "त्या दिवशी हे कुठे होते?" त्याचा वकील त्याच्या कानाशी लागला, "माहीत नाही म्हणा." मागच्या बाकावर मला स्वच्छ ऐकू आलं. तो खाली बघत म्हणाला, "पालखीखाली. माझ्याच बाजूला."

हुकूम उठला. दावा मात्र चालूच राहणार, बहुतेक आम्ही दोघं म्हातारे होईपर्यंत. तो माझ्याकडे न बघता एसटी स्टँडच्या दिशेनं निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी पावस गावी तुझ्या बागेत गेलो, गडी लावून आंबा उतरवला. जिंकल्यासारखं काही वाटेना, नुसतं अंग मोडून आलं.

हे घरी बोलत नाही. तुला लिहितोय, कारण तू आता नाहीस, हा कागद कुठं जायचा नाही. आये, तो "माहीत नाही" म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या तारखेला त्याच्यासमोर उभं राहणं मग सोपं गेलं असतं.