उघड्या पायऱ्या

१२ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघे आता दुखत नाहीत हे वाचून बरं वाटलं. इकडे हिची शाळा सुरू झाली, माझी नोकरी रडतखडत चालू आहे. बाबांचं जेवण ठीक, झोप ठीक. डावा हात अजून उचलत नाही. झटका आल्यापासून ते मागच्या खोलीतच आहेत, तिथे ऊन कमी लागतं. तलाव मात्र दिसत नाही.

तू विचारलंस, तुझं घर नदीला लागून, चाकाची खुर्ची थेट काठापर्यंत जाते, तरी बाबा यायला नको का म्हणतात? तीस वर्षं सैन्यासाठी नद्यांवर तरंगते पूल टाकले, निवृत्तीनंतरचं घर तलाव बघून घेतलं, सत्तरी उलटल्यावरही रोज सकाळी पोहले, आणि आता पाणीच नको? मागच्या पत्रात मी ते वयावर ढकललं. ते खरं नाही. फोनवर हे माझ्याच्यानं सांगवणार नाही, म्हणून लिहितो.

अंथरुणाला खिळल्यापासून संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की ते विचारायचे, "किती उघड्या?" म्हणजे तलावाच्या काठच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत. एक पायरी नऊ इंचांची, हे त्यांनी स्वतः मोजलेलं. मी कामावरून येताना बघून यायचो, आकडा सांगायचो, ते वहीत लिहायचे.

सप्टेंबरात एकदा बघायला विसरलो. आदल्या दिवशी तीन होत्या, "तीन" म्हणालो असतो तर भागलं असतं. पण त्याच सकाळी मालिशवाल्याला ते माझ्यादेखत सांगत होते, "हा आमचा दगड. पोहायला शिकावा म्हणून होडीतून टाकला, तर सरळ तळाला. तेव्हापासून देव देव करतोय." मालिशवाला पोट धरून हसला. ताई, तुला त्यांनी प्रत्येक छावणीत बरोबर नेलं, कारण तू पोहायचीस. मला गावच्या शाळेत ठेवलं. मी पन्नाशीला आलो तरी तो किस्सा संपत नाही.

मी म्हणालो, "अकरा."

"काल तीन, आज अकरा? एका दिवसात सहा फूट? नीट मोजल्यास का?"

"दोनदा मोजल्या."

"अरे, मग बांधाखालून पाणी निघतंय! खाली वस्ती आहे रे!"

बाबांना घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तेरा सांगितल्या, नंतर सोळा. त्यांनी उजव्या हातानं, बांधाचा नकाशा काढून, पाटबंधाऱ्याच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली. पेटीत मीच टाकली. रोज देवासमोर बसतो, त्या दिवसांतही चुकलो नाही.

शेवटी कचेरीतला एक तरुण इंजिनियर घरी आला. "आजोबा, तलाव भरलेलाय. मी आत्ताच बघून आलो, तीनच पायऱ्या उघड्या आहेत. स्वप्न पडलं की काय?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा रोज मोजून येतो. सांग रे यांना."

मी म्हणालो, "बाबा, मी तर रोज तीनच सांगतोय."

इंजिनियर मला हळूच म्हणाला, "सांभाळा यांना, होतं असं या वयात." तो गेल्यावर बाबांनी वही मागितली. अकरा, तेरा, सोळा. एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. "अक्षर माझंच आहे. तू बोलला नाहीस, म्हणजे माझंच डोकं गेलं."

पलटणीतला त्यांचा नियम तुला पाठ असेल. ज्याचं माप चुकलं त्यानं पाण्यावर जायचं नाही, मग हुद्दा कुठलाही असो. तो त्यांनी स्वतःला लावून घेतलाय. तुझ्याकडे येत नाहीत ते यासाठी. काल अंघोळीला बसवलं, तर समोरच्या बादलीत पाणी किती आहे हेसुद्धा त्यांनी मला विचारलं.

मग मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी धड असलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "माझं मन राखायला असलं काही अंगावर घेऊ नकोस. तू देवाचा माणूस. तू खोटं बोलत नाहीस, आता एवढंच मला नक्की ठाऊक आहे."

जन्मात पहिल्यांदा, ताई.

१९ नोव्हेंबर

आठवडाभर हे पत्र खिशात घेऊन फिरलो. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसतो, ते डोक्यावर हात ठेवतात, आणि पत्र पेटीत टाकायचं राहून जातं. तुझ्यावर त्यांचा विश्वास बसेल. ये, आणि हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. उद्या-परवा मी तुला फोन करीन. बाबा मजेत आहेत, कशाला दगदग करतेस, असं अगदी गोड आवाजात सांगीन. ऐकू नकोस. निघ.

तुझाच,
ज्याच्या शब्दावर बाबा आता डोळे मिटून विसंबतात तो
धाकटा भाऊ