जॅक कुठे लावला

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ. हे नेहमीचे, आता कामाचं.

तुझं चार पानी पत्र मिळालं. दोन पानं रडगाणं, दीड पान तुझी आई, आणि गाडीचं शेवटी अर्धं. उलट लिहायला शिक. फोन करू नकोस, मला निम्मं ऐकू येतं आणि ते निम्मंही मी चुकीचं ऐकते.

तर तुझं म्हणणं असं, की चुन्याच्या भट्टीजवळच्या वळणावर, जिथं दोन वर्षांपूर्वी तुझा बाप भिंतीवर जाऊन आपटला आणि गेला, तिथं त्याचीच ती गाडी आपोआप डावीकडे ओढते आणि शेजारी बसलेल्या आईच्या पायाखाली ठक् वाजतं. आई म्हणते, तोच आहे. आणि तू, दवाखान्याच्या चादरी धुऊन पोचवणारी शहाणी बाई, त्या वळणावर रोज त्याची माफी मागतेस. का, तर त्या सकाळी भांडलीस म्हणून.

माझा भाऊ जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही, तो मेल्यावर रोज साडेनऊला हजर होणार होय? नवा टायर चार महिन्यांत झिजला, हे तू कोपऱ्यात लिहिलंस. भूत टायर खात नाही. पुढच्या डाव्या टायरवर तळहात फिरव. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड, वेगवेगळं लिही. अलाइनमेंट किती वेळा केलं? ठक् आणखी कुठे वाजतं? अपघातानंतर काढलेला जुना टायर असेल तर तोही बघ. मेकॅनिककडून चाक उचलून हलवून घे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण पंचेचाळीस वर्षं गॅरेज चालवलंय, चाक मला वाचता येतं.

लोभ आहे तेवढा आहे, तो सांभाळ.
तुझी आत्या

दि. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न., आणि तू म्हणतेस तसं आधी गाडीचं.

टायर बाहेरून नवा दिसतो. आतल्या कडेला गुळगुळीत, मधे मधे खड्डे, एका जागी तार बोटाला टोचली. अलाइनमेंट दोनदा केलं, महिन्याभरात पुन्हा बिघडतं. ठक् दवाखान्याच्या उतारावरही वाजतं, ब्रेक दाबला की. तिथं मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मेकॅनिकनं जॅक लावून चाक हलवलं, जरासुद्धा हललं नाही. तो म्हणाला, पुढचं सगळं घट्ट आहे. मी तिथं उभी होते, त्यानं जॅक चासीखालीच, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, लावला होता.

जुना टायर मागच्या अंगणात सापडला. आई त्यावर बादली ठेवते. उलटा केला, तोही आतल्या कडेला तसाच खाल्लेला. बाबांच्या वेळचा.

म्हणजे गाडीत दोष नाही, आणि ती त्यांच्या वेळेपासून अशीच आहे. मग मी काय समजायचं? वळण आलं की आई पाय वर घेते, त्याला जागा हवी म्हणते. त्या सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही घरात नसलात की बरं वाटतं. आणि नंतर तू आलीस तेव्हा तूच सगळ्यांना सांगितलंस की त्याचं लक्ष नव्हतं. ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

गुडघा जप. रागावत राहा, त्यातच तुझा लोभ कळतो.
ठमी

दि. १५ फेब्रुवारी

चि. ठमे,
आशीर्वाद मागाहून. शेजारच्या मास्तरांकडून फोन करवला होता, की गाडी जागची हलवायची नाही. कारण आता लिहिते. ते मास्तरांच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं.

तुझ्या गाडीची स्प्रिंग खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला धरणाऱ्या दांड्यावर बसते. आर्म आणि चाक जोडणारा सांधा असतो, बॉल जॉइंट. जॅक चासीखाली लावला की आर्म लोंबतो, स्प्रिंग त्याला दाबून धरते, आणि झिजलेला सांधाही घट्ट लागतो. जॅक आर्मखाली लावायचा, चाकाजवळ. मग भार निघतो आणि सांधा खरं बोलतो. तो झिजला की चाक वरून आत कलतं, आतली कड जाते, ब्रेक दाबला की गाडी ओढते. तसल्या गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या दातात चांदी भरणं.

हे मला आज कळलेलं नाही. तुझा बाप जायच्या आधी सहा आठवडे गाडी घेऊन माझ्याकडे आला होता. म्हणाला, ताई, डावीकडे आवाज येतो. माझा गुडघा ठणकत होता, आडवं व्हायचं जिवावर आलं. जॅक चासीखाली सारला, चाक हलवलं, आणि त्याला म्हटलं, आवाज तुझ्या कानात येतो. तो हसला आणि गेला. पुढं तो भिंतीवर गेला तेव्हा मी म्हटलं, लक्ष नव्हतं. दुसरं काय झालं असेल ते मला बघायचंच नव्हतं. आता तुझ्या अंगणातल्या टायरनं ते दाखवलं.

लक्ष त्याचं होतं. माझं नव्हतं. तू त्या वळणावर कुणाची माफी मागायची नाहीस. मेकॅनिकला हे पत्र वाचून दाखव. सांधा काढला की मला पाठव.

लोभ असावा असं या खेपेला मागत नाही.
आत्या

दि. २६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. जॅक तू सांगितलास तिथं लावला. चाक चांगलं बोटभर हललं. मेकॅनिक आईकडे बघून म्हणाला, या सीटवर बसत होतात तुम्ही? सांधे दोन्हीकडचे नवे घातले, टायर घातला, मग अलाइनमेंट.

काल वळणावरून गेले. गाडी सरळ, आवाज नाही. आईनं पाय वर घेतले ते भट्टी मागं पडली तरी खाली ठेवले नाहीत. मग म्हणाली, आज आला नाही तो. परत येताना ती मागं चादरींच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसली.

मी रागावले का, हे तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. दोन वर्षं मला बांधून ठेवलंस तूच आणि सोडवलंस तूच. कुठलं आधी मोजू ते कळत नाही. सांधा वेगळा पाठवते आहे. पत्र मात्र बंद करू नकोस.
ठमी

दि. ५ मार्च

चि. ठमे,
आशीर्वाद, घ्यायचे तर घे.

सांधा पोचला. टेबलावर ठेवला आहे. पहिल्या दिवशी हातात घेऊन हलवला, ठक् वाजला. मग ठेवून दिला तो पुन्हा हात लावलेला नाही, तरी वाजतो. दाराची बेल मला ऐकू येत नाही, हे येतं.

आईला सांग, पाय खाली ठेव, तो आता तिथं नाही. इथं आहे. रोज साडेनऊला, अगदी वेळेवर. मी हातातलं काम ठेवते आणि त्याला म्हणते, हो रे, येतो आवाज.

गाडी हळू चालव.
तुझी आत्या