उन्हाळी लागली

प्रिय वहिनी,

काल तुझ्या लेकाचा फोन आला होता. म्हणाला, "आत्या, उन्हाळ्यात तुमच्या शहरात बघण्यासारखं काय काय असतं त्याची जरा यादी पाठव ना. आईला दाखवतो, म्हणजे तिला यावंसं वाटेल." तुमच्या शहरात म्हणे. जन्म इथला, दुधाचे दात इथे पडले, सायकल शिकताना हनुवटी इथल्या फुटपाथवर फोडून घेतली, आणि आता हे 'तुमचं शहर' झालं. मी त्याला ऐकवलं की यादी पाहुण्यांना पाठवतात, आईला नाही. तेव्हा जरा नरमला. "मग तूच बघ काय ते. मी विचारलं की ती नुसतं 'बघू' म्हणते." तुझं 'बघू' मी शाळेच्या वयापासून ओळखते. 'बघू' म्हणजे 'नाही'च, फक्त पाऊल वाजू नये म्हणून पायमोजा घातलेलं. फोनवर 'हं, हं' करून तू मला चार महिने वाटेला लावते आहेस. पत्राला 'हं' करता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तर ऐक. फुलांचं प्रदर्शन नेहमीसारखं मोठ्या बागेत झालं आणि नेहमीसारखाच अन्याय झाला. या वर्षीचे परीक्षक गडद काळा चष्मा लावून आले होते आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. काळ्या चष्म्यातून रंगांना गुण देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. डेलियाचं दुसरं बक्षीस कोणाला मिळालं असेल? आपल्या खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना. स्वतः वाढवलंय म्हणून छाती काढून उभे होते, आणि कुंडीच्या मागच्या बाजूला रोपवाटिकेची चिठ्ठी तशीच लटकत होती. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढलेला आवाज आहे माझा, बागेच्या फाटकापर्यंत गेला असणार. तेव्हापासून जिन्यात मी दिसले की डॉक्टर बुटाची नाडी बांधायला खाली वाकतात. परवा तर पायात चपला होत्या, तरी वाकले. तू असतीस तर मला कोपराने ढोसून "पुरे गं" म्हणाली असतीस आणि मग स्वतःच जिन्यात बसून हसली असतीस. तुझ्या बाल्कनीतल्या कुंड्या मात्र मी बक्षिसाच्या लायकीच्या ठेवल्या आहेत. रोज सकाळी किल्ली घेऊन वर जाते, पाणी घालते, खिडक्या उघडते. तुझ्या घराला बंद घराचा वास येऊ दिलेला नाही मी.

पुस्तकांचा मेळा मैदानावर तंबूत लागला होता. पुस्तकं कमी आणि पुस्तकांसोबत फोटो काढून घेणारे जास्त. एका तरुणाला मी विचारलं, "बाळ, हे पुस्तक तू उलटं धरलं आहेस, मुद्दाम की सवयीने?" त्याने हसून सरळ केलं, फोटो काढला आणि पुन्हा जागेवर ठेवून दिलं. त्यानंतरच्या रविवारी जुन्या मोटारींची फेरी होती. सगळ्यात दिमाखदार गाडी आपल्याच चौकात बंद पडली आणि मालक टोपी काढून ढकलायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तेवढ्याच मनापासून. आणि संध्याकाळचा बँड सुरू झाला आहे, तोच, बागेतल्या गोल चबुतऱ्यावरचा. तुतारीवाला अजून बेसूर आहे, फक्त आता त्याचं पोटही सुटलंय, त्यामुळे बेसूरपणा जास्त वेळ टिकतो. मी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसते. गर्दी असते, कोणी ना कोणी विचारतंच, "बाई, इथे कोणी आहे का?" मी म्हणते, "हो, येते आहे." परवा बँड संपला, माणसं खुर्च्या आवरायला लागली, तरी एका कामगाराला मी तेच सांगितलं. तो बिचारा ती एक खुर्ची तशीच ठेवून पुढे गेला.

आता राहिली होड्यांची शर्यत. तिचं नाव काढायचं नाही असं तू ठरवलं असशील, पण मी काढणार. दादाला जाऊन हा पहिलाच उन्हाळा, आणि पुलाखाली हिरवं निशाण घेऊन तो उभा नाही हे तुला डोळ्यांनी बघायचं नाहीये. त्यासाठी तू लेकाकडे जाऊन बसली आहेस, गुडघ्यांसाठी नाही. तुझे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. मी गेल्या आठवड्यात सरावाच्या दिवशी मुद्दाम नदीकाठी जाऊन आले. पायऱ्या उतरताना माझाही पाय अडखळला, खोटं कशाला सांगू. पण वहिनी, ती जागा रिकामी नाहीये. तिथे एक अत्यंत वाईट निशाणवाला उभा आहे. ओला टॉवेल झटकावा तसं निशाण झटकतो. आपला दादा ते हळूच वर न्यायचा, सगळा काठ श्वास धरून बसायचा, आणि मग एका झटक्यात खाली. आठवतं, एकदा हात वर नेलेला असतानाच त्याला शिंक आली, निशाण खाली आलं, निम्म्या होड्या सुटल्या आणि निम्म्या जागेवरच ओरडत राहिल्या? तू हसता हसता माझ्या मांडीवर पडली होतीस आणि तो तिकडून तुझ्याकडेच रागाने बघत होता. त्या नव्या माणसाला बघून मला असा संताप आला की रडायचं राहूनच गेलं. तूही ये आणि त्याच्यावर चीड. बरं वाटतं, मी करून बघितलंय.

या सगळ्यात एक गोष्ट या वर्षी झाली नाही, ती तुझ्याही लक्षात आली असेल. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी फोन आला नाही. इतकी वर्षं तो तू मला करत आलीस की आता सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही त्यामागे काय होतं. आमच्या शाळेत सिस्टर लोकांना मराठी म्हणजे वर्गाबाहेर काढून ठेवायची चप्पल वाटायची, त्यामुळे माझी मराठी कशी होती ते तुला ठाऊकच आहे. परीक्षा संपली, तशी दप्तर घेऊन थेट तुमच्या घरी धावत आले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "काकू, मला उन्हाळी लागली." सुट्टी लागते, तर उन्हाळी सुट्टीही लागते, आणि घाईत सुट्टी हा शब्द गाळला तर काय बिघडलं, असा माझा हिशेब. तुझ्या आईने हातातला डाव खाली ठेवला. तुझ्या बाबांना बाहेर पाठवलं. मला जवळ बसवून हळू आवाजात विचारलं, "खूप जळजळतं का गं? कधीपासून?" मी म्हणाले, "आजपासूनच, आणि मला फार आवडते." त्यानंतर त्या माउलीने मला पेल्यामागून पेला बार्लीचं पाणी पाजलं. तू टेबलाखाली लोळत होतीस. शेवटी तूच पाणावल्या डोळ्यांनी सांगितलंस, "अगं मड्डम, उन्हाळी लागली म्हणजे लघवीला आग होते." मड्डम हे नाव मला तेव्हा चिकटलं. पुढे माझ्या दादाशी लग्न करून माझी वहिनी झालीस, तेव्हा आहेरात आणावा तसा तो किस्सा घरात घेऊन आलीस. मग दरवर्षी पहिलं कडक ऊन पडलं की तुझा फोन, "काय मड्डम, लागली का?" आणि मागून दादाचा आवाज, "बार्ली आहे का म्हणावं घरात."

आता खरी गोष्ट सांगते, ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं. सोमवारी भाजी आणायला निघाले, तर चौकात दोन खांबांना बांधलेला भलामोठा फलक. पिवळाजर्द. त्यावर हसरा सूर्य आणि खाली माणसाएवढ्या अक्षरांत, "उन्हाळी लागली! चला, शहर बघू या." पुढच्या चौकात तोच. पुलावर तोच. नगरपालिकेच्या दारावर तोच, आणि खाली उन्हाळ्याच्या महोत्सवातल्या सगळ्या कार्यक्रमांची नावं. मी रस्त्यात उभी राहून अशी हसले की भाजीवालीने पाणी आणून दिलं. आणि हसता हसता मी डावीकडे वळले, तुला ढोसायला, तर डावीकडे पत्रपेटी होती. मग मात्र डोकं सणकलं. तशीच महोत्सवाच्या कचेरीत गेले. जाहिरातीचं काम बघणारी मुलगी पंचविशीची, गोड, आमच्याच शाळेची निघाली. म्हणाली, "मॅम, त्यात काय चुकलं?" मी सांगितलं काय चुकलं ते. आधी लालबुंद झाली, मग टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली आणि मग घाबरून म्हणाली, "आजच्या आज उतरवते." मी म्हटलं, "अजिबात नाही. हे जिने बघायला हवं तिने अजून बघितलेलं नाही. होड्यांच्या शर्यतीपर्यंत एकही फलक हलवायचा नाही." ती विचारात पडली, पण शाळेतल्या सिस्टरांचा आवाज मलाही काढता येतो. कबूल झाली. तेव्हा वहिनी, सध्या अख्ख्या शहराला आग होते आहे आणि ती फक्त तू आल्यावर थांबणार आहे. दादा गेल्यावर हा विनोद आपला म्हणायला जगात आपण दोघीच उरलो आहोत, आणि मला तो एकटीने झेपत नाही. तुझ्या लेकाला सांगून तिकीट काढायला लाव. स्टेशनातून बाहेर पडलीस की समोरच एक फलक आहे, त्याखाली मी उभी असेन. बार्ली आणून ठेवली आहे. 'बघू' म्हणालीस तर खबरदार.

इतकी वर्षं 'लागली का?' ऐकणारी, तुझीच,
मड्डम