रेइजीचं ताट

प्रिय कानाए,

रोज संध्याकाळी फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा धीरच सुटतो गं, आणि जे बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले.

इकडे अजून बर्फ पडतोच आहे. यंदा इतका भुसभुशीत की पाय टाकला की कमरेपर्यंत आत. आपल्या लॉजच्या निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत. जे पाहुणे आलेत ते मात्र बेहद्द खूश! "आजी, इथे गर्दीच नाही, अख्खा डोंगर आमचाच," म्हणत स्की खांद्यावर टाकून परततात. दुपारी खाली जुन्या गावात किल्ला बघतात, साके पितात आणि संध्याकाळी माझ्याकडे सूप मागतात. मी हसून वाढते. हसावं लागतं बाई, धंदा आहे.

परवा स्की-लिफ्टवाला तोकुजी येऊन बसला. चहा घेतला. मग म्हणाला, "वहिनी, शोधणारी माणसं आता बर्फ वितळल्यावरच येतील." काय शोधायला, ते मला कळलं. धोक्याच्या उतारावर दोरी बांधायला लहानपणी माझा रेइजीच त्याच्यामागे पळायचा. आपल्या इथल्या सगळ्या पोरांची हीच खोड. दोरी पाहुण्यांसाठी, आपल्याला कशाला! नव्या वर्षाच्या सुट्टीत तुला स्की शिकवायला म्हणून आला, तू खाली धडपडत, हसत होतीस, आणि "एकच फेरी मारून येतो" म्हणून हा दोरीखालून पलीकडे गेला. वरून बर्फाचा उतारच्या उतार खाली आला. मला त्याचा इतका राग येतो कानाए, की समोर असता तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. समोर असता तर!

परगावी गेलेल्याचं ताट वाढायची आपली रीत तुला ओसाकात ठाऊक नव्हती. मीच सांगितली. गरम भाताचा वाडगा झाकून त्याच्या जागेवर ठेवायचा, आणि झाकणाच्या आतून थेंब दिसले की माणूस जिवंत आहे असं समजायचं. युद्धावर गेलेल्या माझ्या मामांसाठी आजी असंच वाढायची. त्या दिवसांत तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, म्हणून बोलले. तेव्हापासून तुझा रोज एकच प्रश्न, "आई, आज आहेत थेंब?" आणि माझं एकच उत्तर, "आहेत गं."

खोटं नाही बोलले. थेंब रोज असायचे. तू म्हणायचीस, जंगलात कोळसेवाल्यांची जुनी झोपडी आहे, तिथे असेल तो. तोकुजी त्या झोपडीपर्यंत जाऊन आला होता. दार बर्फाने बंद होतं, आत कोणी नव्हतं. तेही तुला सांगितलं होतं, पण तुझ्या कानात ते शिरलंच नाही.

काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीने नोकरी सोडली. माहेरी ये म्हटलं तर म्हणते, तो परत आला नि घराला कुलूप दिसलं तर? तुम्हीच समजवा, तिला तुमचंच पटतं." रडत होत्या बिचाऱ्या. मलाही रडू फुटलं.

म्हणून आज सकाळी मी दोन ताटं वाढली. एक रेइजीचं, दुसरं त्याच्या बाबांचं. त्यांच्या अस्थी मी माझ्या हातांनी वेचल्या आहेत, तिथे शंकेला जागा नाही. एकाच भांड्यातला भात, सारखेच वाडगे. थोड्या वेळाने दोन्ही झाकणं उचलली. दोन्हींना थेंब होते. अगं, गरम भातावर झाकण ठेवलं की थेंब येणारच, हे मला ठाऊक नव्हतं का? जन्मभर भातच तर रांधला मी. पण तू विचारायचीस आणि मलाही "आहेत" म्हणायला बरं वाटायचं. आता नको पोरी. तू अजून तरुण आहेस. आईकडे जा, पोटभर जेव, आणि संध्याकाळी थेंबांचं विचारू नकोस. उद्यापासून रेइजीचं ताट मी पितरांच्या देव्हाऱ्यात, त्याच्या बाबांच्या शेजारी ठेवणार आहे.

तुझीच आई,
हिसानो