वकीलबाईंनी सांगितलेली राजधानी

प्रिय धाकटे,

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. शिक्षण खात्याने मला नारिंगी जाकीट घालायला लावलं आहे. त्याला चंदेरी पट्टे आहेत, आणि पाठीवर ठळक अक्षरांत ‘मार्गदर्शक’ असं छापलेलं आहे. मुलांना घेऊन रस्त्यावर उतरणारा शिक्षक लांबून दिसला पाहिजे, असा नवा नियम आहे म्हणे. माप आमच्या खेळाच्या मास्तरांचं घेतलं, त्यामुळे ते मला गुडघ्यापर्यंत येतं. ज्याने उभा जन्म समास सोडवण्यात घालवला, त्याला उतारवयाच्या तोंडावर पाठीला सामासिक शब्द चिकटवून हिंडायची वेळ यावी! मार्ग दाखवतो तो मार्गदर्शक, असा विग्रह करायला जावं, तर मला स्वतःला अजून टपाल कचेरी सापडत नाही. मागच्या शनिवारी रस्ता खोदणाऱ्या माणसांनी मला आपल्यातलाच समजून चहाला जागा करून दिली आणि पाइप कधी येणार म्हणून विचारलं. मी सोमवारी म्हटलं. तुझी वहिनी म्हणते, रंग खुलतो हो तुम्हाला.

हसून झालं असेल तर ऐक. मला काही मागायचं असलं की मी आधी भलतंच काहीतरी बोलत बसतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, तेव्हा पत्राचं कारण जाकीट नाही हे तू पहिल्या ओळीतच ओळखलं असशील. कारण आहे माझ्या वर्गातली एक नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई. त्यातल्या आईच्या जिवाचा प्रश्न आहे. पण मला वळसा घालूनच घरी यायची सवय, तेवढी चालवून घे.

माझा हल्लीचा वर्ग तुला माहीत आहे. पोटासाठी परमुलखातून राजधानीत आलेल्या लोकांची मुलं, आणि त्यांना आपली भाषा शिकवणारा मी. आठवडाभर आम्ही विभक्तीप्रत्ययांशी झटापट करतो आणि शनिवारी शहर बघायला निघतो. नुसत्या पुस्तकातून भाषा येत नाही, तिच्या मागचे लोक, त्यांची भांडणं, त्यांच्या इमारती कळाव्या लागतात, असं अभ्यासक्रमात लिहिलंय, आणि या एका वाक्यापुरता मी अभ्यासक्रमाशी सहमत आहे. म्हणून आम्ही जुना राजवाडा बघतो. राजाने सख्ख्या भावाला कोंडून ठेवलेला बुरूज बघतो. आग लागून निम्मं गेलेलं ग्रंथालय बघतो, आणि ज्या चौकात पूर्वी माणसं फासावर जायची तिथल्या बागेत बसून डबे खातो. फाशीचं मी अर्थातच सांगत नाही. इथे गुन्हेगारांना शिक्षा व्हायची, एवढं पुटपुटतो आणि लगेच कारंज्याकडे वळतो.

पालकांनाही बरोबर यायची मुभा आहे. सहसा कुणाला जमत नाही. ही एक आई मात्र प्रत्येक शनिवारी हजर. एका हॉटेलात दिवसभर चादरींना इस्त्री करते, घरात या दोघीच, आणि आपली भाषा तिला ‘धन्यवाद’च्या पलीकडे येत नाही. मी बोलायचं, आणि मुलीने आईच्या कानाशी लागून ते तिच्या भाषेत सांगायचं. पोरगी इतकी चुणचुणीत, की वर्गातल्या प्रत्येकाची बाजू तीच मांडते. कुणी गृहपाठ आणला नाही तर त्याच्या वतीने हीच उठून उभी. मी तिचं नाव वकीलबाई ठेवलंय. एकदा मी तिच्यावर रागावलो, तर ती शांतपणे म्हणाली की सर, तुम्हाला आज जेवायला उशीर झालाय म्हणून तुम्ही असे बोलताय. खरं होतं गं ते.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी एक वाक्य बोललो की वकीलबाई पाच बोलायच्या. मला वाटलं, भाष्य करतेय पोरगी, मूळ सूत्र आटोपशीर असलं की भाष्य लांबतंच. शिवाय बुरुजाची गोष्ट ऐकताना आई चक्क प्रसन्न हसायची. राजवाड्याच्या संग्रहालयात एक म्हातारा पहारेकरी आहे, तो त्यांच्याच मुलखातला निघाला. एके दिवशी त्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, मास्तर, तुमचा राजा फारच भला माणूस होता हो. मग सगळं बाहेर आलं. वकीलबाईंच्या पाठानुसार राजाच्या भावाला खोकला होता, म्हणून त्याला चांगल्या हवेसाठी वरच्या मजल्यावर ठेवलं होतं आणि राजा रोज त्याला दूध घेऊन जायचा. ग्रंथालय जळालं वगैरे काही नाही, पुस्तकांना ऊन दाखवायला बाहेर काढलं होतं, आणि लोकांना ती एवढी आवडली की त्यांनी ती घरी नेली. आणि त्या चौकात माणसांना बक्षिसं द्यायचे.

मी इतका हसलो की जाकिटाची चेन तुटली. रात्री जेवताना तुझ्या वहिनीला सांगितलं, तीही हसली. पाठभेद म्हणून चालवून घेऊ, असं मी ठरवलं. दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या बाईने एका रक्तपात नसलेल्या राजधानीत राहायला काय हरकत आहे? खरी राजधानी तशीही तिच्या वाट्याला कितीशी येते!

मग इस्पितळातून शाळेत फोन आला. आईच्या केसपेपरवर शाळेचा नंबर दिलेला होता. सिस्टर वैतागलेली होती. या बाईंच्या छातीत गाठ आहे, तपासणीत ती वाईट निघाली आहे, ऑपरेशनची तारीख दिली होती आणि त्या आल्याच नाहीत, हे काय? मी म्हटलं, त्यांना भाषा येत नाही, समजलं नसेल. तर ती म्हणाली, असं कसं, डॉक्टरांनी सावकाश समजावलं, मुलगी होती की बरोबर, तिने शब्दन्‌शब्द सांगितला. बाई ऐकून छान हसल्या. धन्यवादसुद्धा म्हणाल्या.

धाकटे, ते हसू मी बुरुजाखाली पाहिलेलं आहे. फोन ठेवल्यावर मला खडू सापडेना, आणि तो माझ्या हातातच होता.

मधल्या सुट्टीत मी तिला थांबवून घेतलं. तिने काही लपवलं नाही. विभक्तीची एकही चूक न करता म्हणाली, आई घाबरते, म्हणून मी तिला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, गाठ आपोआप विरघळेल, गरम पाणी प्यायचं आणि जड उचलायचं नाही. बादल्या आता मीच उचलते, असंही वर सांगितलं. मी म्हटलं, बाळ, अशा बाबतीत खरं सांगावं लागतं. त्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही कुठे सांगता सर? त्या चौकात काय व्हायचं ते दगडावर लिहिलंय. मी वाचलं ते. तुम्ही आम्हाला कारंजं दाखवलंत.

वाचायला तिला मीच शिकवलंय.

तरी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, खिडकीत दोरी, दोरीवर शाळेचा एकुलता एक गणवेश. आईने खुर्ची पुसून दिली, चहा केला, बशीत बिस्किटं मांडली. मी घसा साफ केला आणि एकेक शब्द तोलून सांगितलं की तुम्हाला मोठा आजार आहे, ऑपरेशन केलं तर उपाय आहे, पण लगेच करायला हवं. वकीलबाईंनी मान खाली घालून ते आईला सांगितलं. आईचा चेहरा उजळला. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बशीतली उरलेली बिस्किटं माझ्यापुढे सरकवली. पोरगी वर्गात पहिली आली, असलं काहीतरी माझ्या नावावर तिला सांगितलं गेलं होतं, हे उघड होतं. मी पोटावर, छातीवर हात ठेवून खुणा करायला लागलो. तिला वाटलं, माझ्याच पोटात दुखतंय. तिने ओवा शोधायला घेतला. वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की मी ते बिस्कीट खाल्लं.

आता माझी अवस्था सांगतो. इस्पितळाचा दुभाषा आठवड्यातून एकदा येतो, पुरुष आहे, आणि त्याची वेळ मिळेपर्यंत दुसरी तारीखही जाईल. पहारेकरीबाबांना विचारलं, तर ते बिचारे कानापर्यंत लाल झाले. परक्या बाईशी छातीबद्दल मी कसा बोलू, आणि मी बोललो तरी ती कशी ऐकेल, म्हणाले. खरंच आहे. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, मुलीला दम द्या. नऊ वर्षांच्या पोरीला दम देऊन तिच्याच तोंडून तिच्या आईला हे सांगायला लावायचं? हे मला जमणार नाही, आणि जमलं तर तुझी वहिनी मला घरात घेणार नाही.

म्हणून हे पत्र. त्या मायलेकींची भाषा येणारी दुसरी एकच बाई मी ओळखतो, आणि तिने ती भाषा कायमची बंद करून ठेवली आहे. लग्न करून तू त्यांच्याच मुलखात गेलीस. आमचे मेहुणे गेले त्या तिथल्या इस्पितळात, डॉक्टरांनी तुला जे सांगितलं ते त्याच भाषेत सांगितलं, आणि तिथून परत आलीस ती पुन्हा त्या भाषेचा एक शब्द न उच्चारण्यासाठीच. तिकडून तुझ्या सासूबाईंचे फोन यायचे, तेही तू माझ्याकडे द्यायचीस, आणि मी ‘धन्यवाद, धन्यवाद’ म्हणत बसायचो. याबद्दल आपण कधी बोललो नाही. तू बोलली नाहीस, मी विचारलं नाही, आणि मला वाटायचं की हाच माझा समजूतदारपणा. आता मी तुला सांगतोय की ये, त्या बाईजवळ बस आणि तेच वाक्य तिला त्याच भाषेत तू सांग. एका भावाने बहिणीकडे काय मागू नये याची यादी केली तर हे पहिलं येईल. फोन नाही केला, कारण फोनवर तू नाही म्हणालीस की मी लगेच बरं म्हणतो. पुढची तारीख येत्या बुधवारी आहे. मंगळवारी आलीस तरी चालेल. नाही आलीस तरी मी रागावणार नाही, पण मग काय करायचं ते मला खरंच सुचत नाही.

आणि एक. सिस्टरला मी विचारलं, मधले एवढे दिवस वाया गेले, त्याने काही बिघडलं असेल का. ती म्हणाली, उघडल्यावर कळेल. तेव्हापासून मला झोप नाही. मला भीती वाटते की उशीर झालाय. ती बाई त्यातून उठली नाही, तर ही पोर मोठी होईल, शहाणी होईल, आणि ते दिवस कशामुळे गेले हे कधीतरी तिचं तिलाच कळेल. ती मला विचारायला येईल. तेव्हा तिला काय सांगायचं, हे मला माहीत नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेला, तुझाच,
दादा