टेकडीची हजामत

आमेलांड बेट, १४ जून १९७१

चि. येल्मर यास हिल्केताईचे अनेक आशीर्वाद.

सुट्टी संपवून तू उत्रेख्तला पळालास आणि मगच मला तुझा पराक्रम कळला. खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून घरापुढच्या वाळूच्या टेकडीवरचं हेल्म गवत मुळासकट उपटलंस, माथा सपाट केलास आणि वर खुर्च्या मांडल्यास! गाव तुला आता न्हावी म्हणतं.

अरे, त्या पात्यांना अडून वारा मंदावतो, म्हणून वाळू तिथं पडते. गवत गाडलं गेलं की आणखी वर येतं, खाली मुळ्या सोडतं. टेकडी अशीच उभी राहिली, हे बाबांनी तुला हातात फावडं देऊन शिकवलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी लागवड आहे. दर घराला आपापला पट्टा आणि न येणाऱ्यानं सगळ्यांना वाटाण्याचं सूप पाजायचं. तू अकरा वर्षं बिस्किटांचा डबा पाठवून सुटतोयस. यंदा स्वतः ये. तुझ्या घराच्या मागंच माझं घर आहे, वाळू सुटली तर माझ्याकडेच येईल.

लोभ असू दे, हजामत पुरे.
तुझी ताई

उत्रेख्त, २ जुलै १९७१

ती. ताईस येल्मरचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. तुम्ही बेटावरची माणसं पाहुण्याला कॉफीबरोबर एकच बिस्किट देऊन डबा बंद करता आणि गवताचे मात्र एवढे लाड! पुढच्या उन्हाळ्यात आमचे साहेब सूर्यास्त पाहायला येणार आहेत. नोव्हेंबरात मला रजा नाही, डबा पाठवतो. माझ्या पट्ट्यात कुणी काही लावू नये, जागा माझी आहे. आणि हो, खाजणातली ती खारट भाजी थोडी पाठव.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा येल्मर

आमेलांड बेट, २२ नोव्हेंबर १९७१

चि. येल्मर यास आशीर्वाद.

भाजी मिळाली असेलच. तीच भाजी खाजणात भरतीचा चिखल धरून ठेवते. आपलं मेंढ्यांचं कुरण त्याच चिखलाचं झालंय, आजोबांच्या लहानपणी तिथं समुद्र होता. तू मात्र ती नुसती लोणी लावून खातोस.

गेल्या आठवड्यातल्या वादळात तुझ्या सपाट माथ्याला खिंडार पडलं. शेजारच्या पट्ट्यांना काही झालं नाही. तुझ्या खिडकीतून आता समुद्र दिसत नाही, कारण खिडकीच दिसत नाही. साहेबांना कळव. वाळू माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दोन पावलांवर आलीय. रोज उपसते, रोज तेवढीच येते.

गावकरी म्हणतात, तुझ्या अंगणातच गवत लावलं तर वाळू तिथं थांबेल. पण मग तुझं घर कायमचं तिच्याखाली जाईल. जागा तुझी, तुझ्या होकाराशिवाय कुणी हात लावणार नाही. बाबा माझ्या या घरात जन्मले, येल्मर. मला भीती वाटते. हे थट्टेत लिहिता येत नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहते.
हिल्के

उत्रेख्त, २६ नोव्हेंबर १९७१

ती. ताईस सा. न. वि. वि.

लावा. अगदी माझ्या उंबऱ्यावर लावा. नकाशे काढून, हिशेब मांडून मी ते घर बांधलं आणि वारा कुठून येतो एवढंच विसरलो. लाज वाटते. शुक्रवारच्या बोटीनं येतोय. बाबांचं फावडं काढून ठेव आणि मोठं पातेलंही. यंदाचं धरून बारा वर्षांचं सूप करायचंय.

भेटीअंती रागाव, तोवर सांभाळून राहा.
तुझा येल्मर

आमेलांड बेट, ९ जून १९७३

चि. येल्मर यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या छपराची फक्त कड दिसते आणि तिच्यावर गवत गुडघाभर झालंय. माझी भिंत जिथं होती तिथंच आहे. वाळू तुझ्या घराच्या पुढं सरकली नाही. गावानं त्या नव्या टेकडीचं नाव न्हाव्याची टेकडी ठेवलंय. मी खूप भांडले, कुणी ऐकत नाही. सूप किती खारट होतं, हेही अजून कुणी विसरलेलं नाही.

उन्हाळ्यात ये. आता तुला उतरायला हेच घर. आल्यावर कॉफी करीन आणि डबा उघडाच ठेवीन.

तुझी ताई